इशाऱ्याचा पत्ता

(रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आयोजकांनी मला दिलेला विषय फार मोठा होता : ‘दहशतवाद आणि देशाची सुरक्षा’. त्यावर बोलायला सेनापती हवा. मी वर्तमानपत्रात आयुष्य काढलेला माणूस. म्हणून त्या विषयातला एकच तुकडा उचलतो. तो माझ्या धंद्यातला आहे आणि तुमच्याही रोजच्या वाचनातला आहे. ‘राज्यात हाय अलर्ट’ ही ती बातमी. २६ जानेवारी आली की ही बातमी येते, १५ ऑगस्टला येते, गणपतीत येते, दिल्लीत किंवा काश्मीरमध्ये काही घडलं की त्याच रात्री येते. आम्ही ती पहिल्या पानावर लावतो. तुम्ही ती चहाच्या टपरीवर वाचता, घडी घालता आणि कामाला लागता. वाचणाऱ्यानं त्यातून नेमकं काय घ्यायचं असतं? मुंबईचा अलर्ट रोहण्याला लागू असतो का? लागू झाला तर उतरतो कधी? तो उतरल्याची बातमी मी तरी कधी छापलेली आठवत नाही, आणि तुम्हीही वाचलेली नसणार.

आता आपल्याच तालुक्यातला दुसरा एक इशारा पाहू. धनोडीला निम्न वर्धा प्रकल्पाचं धरण आहे, बगाजी सागर. त्याला एकतीस दरवाजे. श्रावण-भाद्रपदात वर पाऊस झाला, अप्पर वर्ध्याचं पाणी खाली आलं, की पाटबंधारे खात्याची सूचना निघते. तिच्यात काय असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. किती वाजता, किती दरवाजे, किती सेंटिमीटरनं उघडणार. दर सेकंदाला किती घनमीटर पाणी सुटणार. आणि नदीकाठच्या गावांनी काय करायचं. गुरं पात्रात नेऊ नका, मोटारपंप वर घ्या, पूल ओलांडू नका. पूर्वी कोतवाल दवंडी द्यायचा, आता तलाठ्याचा मेसेज ग्रुपवर पडतो. दुसऱ्या दिवशी विसर्ग कमी केला तर तीही सूचना येते. ज्याचं वावर नदीला लागून नाही, तो ही सूचना वाचतो आणि निर्धास्त झोपतो. तेही त्या सूचनेचंच यश. कोणी घाबरायचं नाही हे तिच्यातून आपोआप कळतं.

हवामान खात्याचे रंगही आता सगळ्यांना पाठ झालेत. हिरवा म्हणजे काही करायचं नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. अंदाज चुकतो, शेतकरी शिव्या घालतो, पण रंगाचा अर्थ काय यावर कोणाचा वाद नाही.

दहशतवादाच्या बाबतीत आपल्या देशात जनतेसमोर ठेवलेली अशी शिडी नाही. ‘अलर्ट’, ‘हाय अलर्ट’, ‘रेड अलर्ट’ हे शब्द आपण बातम्यांत वाचतो. पण एकाहून दुसरा किती वर आणि त्या पायरीवर नागरिकानं काय करायचं, हे सांगणारा सरकारी तक्ता तुमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नाही, माझ्या शहरातही नाही. आत मात्र यंत्रणा आहे, आणि ती बरीच मोठी आहे. केंद्रीय गुप्तवार्ता विभागात ‘मल्टी एजन्सी सेंटर’ नावाचं केंद्र आहे. कारगिलनंतर, २००१ च्या अखेरीस ते सुरू झालं आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर त्याला बळ दिलं गेलं. निरनिराळ्या खात्यांना मिळालेली माहिती तिथे एकत्र येते, राज्यांकडे जाते, राज्याच्या गुप्तवार्ता विभागाकडून पोलीस आयुक्त आणि जिल्हा अधीक्षकांकडे, तिथून ठाण्यात. ठाण्यात पोहोचेपर्यंत तिचं रूप बदलतं. पोलिसांच्या रजा बंद होतात, नाकाबंदी लागते, लॉजची रजिस्टरं तपासली जातात, भाडेकरूंची माहिती ठाण्यात द्या असे आदेश निघतात, स्टेशनवर श्वानपथक फिरतं. विमानतळावर सोडायला आलेल्यांचे प्रवेशपास बंद होतात आणि विमानाच्या शिडीपाशी प्रवाशाची दुसऱ्यांदा झडती होते. विमानतळाचा हा भाग मला त्यातल्या त्यात नेटका वाटतो. तिथल्या शिपायाला आजपासून काय जास्त करायचं हे ठाऊक असतं, आणि कोणत्या तारखेपर्यंत हेही बहुतेक वेळा ठाऊक असतं.

रेल्वे स्टेशनवर या. मोठ्या स्टेशनच्या दाराशी धातुशोधक चौकट उभी असते. माणूस जातो, ती वाजते. पुढचा जातो, वाजते. कोणी थांबवत नाही, कारण सगळ्यांना थांबवायचं तर गाडी सुटेल. ती चौकट वर्षभर वाजत असते. अलर्ट असला तरी तशीच आणि नसला तरी तशीच.

आता मुंबईकडे वळतो, कारण या विषयाचं खरं दप्तर तिथे आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा जण समुद्रातून आले आणि १६६ माणसं गेली. पुढे साधारण महिन्याभरात राज्य सरकारनं माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि गुप्तवार्ता क्षेत्रातले अनुभवी अधिकारी व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. एप्रिल २००९ मध्ये तिनं अहवाल दिला. मुंबई पोलिसांच्या तयारीतल्या त्रुटींवर तो बराच बोलतो; पण मला त्यातला इशाऱ्यांचा हिशेब सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. ऑगस्ट २००६ पासून केंद्राकडून आलेले २६ इशारे समितीनं मोजले. त्यातले सहा समुद्रमार्गे होणाऱ्या हल्ल्याबद्दल होते, अकरा एकाच वेळी अनेक ठिकाणी होणाऱ्या हल्ल्यांबद्दल, तीन आत्मघाती पथकाबद्दल. ताजमहाल हॉटेलचा उल्लेखही इशाऱ्यांत येऊन गेला होता. थोडक्यात, त्या रात्री जे घडलं त्याचे तुकडे दोन वर्षं कागदावर येत होते. गुप्तवार्तावाल्यांनी काहीच सांगितलं नाही, असं म्हणायची सोय नाही.

मग ते गेले कुठे? गेले ते टपालात. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, ‘माहिती व आवश्यक कार्यवाहीसाठी’. आवश्यक कार्यवाही कोणती, हे ज्यानं पाठवलं त्यानं लिहिलं नाही आणि ज्याला मिळालं त्यानं विचारलं नाही. गोपनीय कागद आपल्या हातून पुढे सरकला याची नोंद वहीत झाली की प्रत्येकाची जबाबदारी संपली. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला हे नव्यानं सांगायला नको.

ताजची गोष्ट जरा निराळी, आणि मला ती अधिक शिकवणारी वाटते. सप्टेंबर २००८ मध्ये इस्लामाबादच्या मॅरियट हॉटेलवर बॉम्बहल्ला झाला. त्यानंतर ताजनं बंदोबस्त वाढवला होता. दारासमोर गाड्या लावायला मनाई, चौकट, तपासणी. रतन टाटा यांनी हल्ल्यानंतर लगेच दिलेल्या मुलाखतीत सांगितलं की इशारा मिळाला होता, उपाय केले होते, आणि ते हल्ल्याआधी सैल करण्यात आले. त्याबद्दल ताजला दोष देणं सोपं आहे. पण ज्या इशाऱ्याला मुदत नाही, तो हॉटेलवाला किती दिवस पाळणार? एक आठवडा, दोन आठवडे. पाहुणे कुरकुर करतात, गाड्यांची रांग रस्त्यावर जाते, काही घडत नाही. मग एके दिवशी कोणीतरी साखळी काढून ठेवतो. ती काढायचा निर्णय माहिती बघून व्हायला हवा होता, आणि तो झाला कंटाळ्यातून. चढवलेला इशारा ठरवून उतरवायची सोय नसेल, तर तो आपोआप उतरतो आणि कोणालाच कळत नाही.

आणि किनारा? कफ परेडच्या मच्छीमारनगरात रबरी बोटीतून ती पोरं उतरली, तेव्हा तिथल्या कोळ्यांनी त्यांना पाहिलं होतं. ओझी बघून हटकलंही होतं, उलट उत्तर मिळालं. सहा सागरी इशारे फायलींत होते आणि समुद्राकडे तोंड करून बसलेली माणसं किनाऱ्यावर होती. त्या दोघांच्या मध्ये काही किलोमीटरचंच अंतर असेल. त्या सहापैकी एकातली एक ओळ जरी, ‘अनोळखी बोट उतरली तर या नंबरवर सांगा’ इतकी, वाडीपर्यंत गेली असती तर? इतिहासात ‘तर’ला जागा नसते म्हणतात. व्याख्यानात थोडी असावी.

त्याच रात्रीचा दुसरा कागद बघा. कागदही नव्हे, वायरलेसवरचा निरोप. पळवलेली चंदेरी स्कोडा गाडी, तिचा नंबर, ती मलबार हिलच्या दिशेनं निघाली आहे. बस, एवढंच. गिरगाव चौपाटीवर डी. बी. मार्ग ठाण्याच्या पोलिसांनी अडथळे लावले, गाडी आली, थांबली. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या, आणि हल्लेखोर कसाब जिवंत सापडला. त्यांचं शौर्य शब्दांच्या पलीकडचं आहे, देशानं त्यांना अशोकचक्र दिलं. मी फक्त त्या निरोपाकडे तुमचं लक्ष वेधतो. दोन वर्षांच्या सव्वीस गोपनीय इशाऱ्यांनी जे झालं नाही ते या एका ओळीनं झालं, कारण त्या ओळीत गाडीचा रंग होता, नंबर होता, दिशा होती. आणि ती ओळ ज्यांना गाडी अडवायची होती त्यांच्याच कानात पडली.

आपल्या शेजारी नागपूरलाही असं एकदा झालंय. १ जून २००६ च्या पहाटे महाल भागातल्या संघ मुख्यालयाकडे लाल दिव्याची पांढरी अँबेसेडर निघाली होती. आत पोलिसांच्या गणवेशात तिघं. गस्तीवरच्या पोलिसांना संशय आला, त्यांनी गाडीचा पाठलाग केला, चकमक झाली आणि तिघंही मारले गेले. इतक्या पहाटे लाल दिव्याची गाडी या बोळात कशाला, हा प्रश्न ज्याला पडतो तो माणूस त्या भागाचा रोजचा असावा लागतो.

आता थोडं परदेशात जाऊन येऊ. अमेरिकेनं ११ सप्टेंबरनंतर, मार्च २००२ मध्ये, पाच रंगांची शिडी आणली : हिरवा, निळा, पिवळा, नारिंगी, लाल. दिसायला झकास. पण नऊ वर्षांत ती खालच्या दोन रंगांवर एकदाही आली नाही. देश कायम पिवळ्यावर, मध्येच नारिंगीवर. लाल झाली ती एकदाच, ऑगस्ट २००६ मध्ये, आणि तीही फक्त ब्रिटनहून येणाऱ्या विमानांसाठी. फेब्रुवारी २००३ मध्ये नारिंगी लावला तेव्हा सरकारनं सल्ला दिला की घरात प्लॅस्टिकचे कागद आणि चिकटपट्टी ठेवा. लोक दुकानांवर तुटून पडले आणि चिकटपट्टी संपली. पुढे विनोदी कार्यक्रमांना वर्षभर पुरेल इतकं खाद्य मिळालं. तिथल्या अंतर्गत सुरक्षा खात्याचे पहिले मंत्री टॉम रिज यांनी नंतर पुस्तकात लिहिलं की २००४ च्या निवडणुकीच्या तोंडावर पातळी वाढवावी असा सूर वरिष्ठ बैठकीत निघाला होता. ती वाढवली गेली नाही. पण इशारा राजकारणाच्या हाताला लागतो, एवढं त्यातून दिसलं. २०११ मध्ये त्यांनी रंग गुंडाळून ठेवले. नव्या पद्धतीत इशारा कशाबद्दल आहे ते लिहायचं, लोकांनी काय करायचं ते लिहायचं, आणि तो कोणत्या तारखेला संपतो हेही लिहायचं. अमेरिकेला नऊ वर्षांनी जे सुचलं ते आपल्या पाटबंधारे खात्याच्या सूचनेत आधीपासून आहे, हे रोहण्यात बसून म्हणायला मला फार बरं वाटतं.

ब्रिटननं २००६ पासून धोक्याची पातळी जाहीर करायला सुरुवात केली. ती ठरवतात गुप्तवार्तेतले विश्लेषक, मंत्री नव्हेत. आणि बंदोबस्त किती वाढवायचा याच्या पायऱ्या वेगळ्या ठेवल्या आहेत. धोका वाढला म्हणून प्रत्येक दारावर आपोआप दुप्पट शिपाई उभे राहत नाहीत; जागा बघून ठरतं. मे २०१७ मध्ये मँचेस्टरच्या गाण्याच्या कार्यक्रमात स्फोट झाला, दुसऱ्या दिवशी पातळी सर्वोच्च झाली, रस्त्यावर सैनिक आले. चार दिवसांनी पातळी एक पायरी उतरवली आणि तसं जाहीर सांगितलं. वर चढवायला धाडस लागत नाही. खाली आणायला लागतं, कारण उद्या काही घडलं तर सही कोणाची हे सगळ्यांना दिसणार असतं. आपल्याकडे कोणी उतरवत नाही याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. धरणाची तुलना कुठवर नेणार? पाणी वर्तमानपत्र वाचत नाही. तुम्ही कुठे बांध घातला हे पुराला सांगितलं तरी तो वाट बदलत नाही. दहशतवादी मात्र वाचतो आणि बदलतो. पुण्याचं उदाहरण आहे. हल्ल्यांसाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीनं कोरेगाव पार्कातलं ज्यूंचं छाबड हाऊस पाहून ठेवलं होतं, हे तपासात आलं आणि त्या भागाला सावध केलेलं होतं. १३ फेब्रुवारी २०१० ला स्फोट झाला तो जवळच्याच जर्मन बेकरीत. सतरा माणसं गेली. तिथे टेबलाखाली पडलेली एक बेवारस बॅग होती. पहारा एका दारावर गेला की धोका शेजारच्या बिनपहाऱ्याच्या दाराशी जातो, हे खरं आहे. म्हणून सगळं जाहीर करा असं मी म्हणत नाही. कोणी सांगितलं, कोणावर पाळत आहे, कुठे सापळा आहे, हे गुप्तच राहावं. पण ‘बेवारस बॅग दिसली तर हात लावू नका, माणसं लांब न्या, ११२ ला कळवा’ यात गुप्त काय आहे? हे तर बेकरीतल्या पोऱ्याला आणि भांडी घासणाऱ्या बाईला आधी ठाऊक हवं.

आणि सरकार बोललं नाही तर दुसरं कोणीतरी बोलतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असा निरोप मोबाइलवर फिरत होता. तोही इशाराच होता हो. त्याला सही नव्हती, ठिकाण नव्हतं, तारीख नव्हती; होती फक्त भीती आणि अनोळखी माणसाचं वर्णन, जे कोणत्याही भटक्या माणसाला लागू पडावं. आपल्या गावात सुगीच्या दिवसांत किती तऱ्हेची माणसं येतात! मेंढपाळ येतात, बहुरूपी येतात, जडीबुटीवाले येतात, मजुरांच्या टोळ्या येतात. नुसतं ‘संशयित व्यक्तींवर लक्ष ठेवा’ असं सांगितलं, तर गाव या माणसांवर लक्ष ठेवणार. म्हणून संशय कोणाचा यापेक्षा संशय कशाचा ते सांगावं लागतं : सोडून दिलेली वस्तू, बंद घरात रात्रीची ये-जा, नाव न सांगता मागितलेली खोली. माणसाची जात, पेहराव, दाढी यात येत नाही.

आता घराजवळचं. इथून थोड्याच अंतरावर पुलगावला सैन्याचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, देशातलं सगळ्यात मोठं. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली, स्फोट झाले. अधिकारी, जवान आणि अग्निशमनाचे कर्मचारी मिळून एकोणीस जण गेले. आगरगाव, नागझरीकडची माणसं रात्री पोराबाळांसह घराबाहेर पडली. तो दहशतवादी हल्ला नव्हता. पण मध्यरात्री आवाज आला तर कोणत्या बाजूला पळायचं, म्हाताऱ्यांना कोणी उचलायचं, गुरं सोडायची की बांधून ठेवायची, हे आधी ठरलेलं असण्याची गरज तीच असते. अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ ला, सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यात खोकी उतरवणारे मजूर होते. सुरक्षेचा नियम तिथे नसेल असं नाही. तो त्या मजुरापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचला होता का, हा माझा प्रश्न आहे. १९०३ च्या संरक्षण बांधकाम कायद्यानं अशा जागांभोवती दोन हजार यार्डांपर्यंत बांधकामावर बंधन घालता येतं. हे ज्याचं वावर त्या हद्दीत येतं त्याला पक्कं माहीत असतं. सरकारचा निरोप घराच्या पायापर्यंत जसा पोहोचतो, तसा जिवाच्या रक्षणासाठीही पोहोचू शकतो.

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली. २४४ जिल्हे त्यासाठी नेमले होते. महाराष्ट्रात मुंबई, उरण, तारापूर ही नावं पहिल्या वर्गात होती. पहलगामचा हल्ला नुकताच झालेला, त्याच पहाटे सीमेपलीकडे कारवाई सुरू झालेली. भोंगे वाजले, काही ठिकाणी दिवे घालवले. १९७१ नंतर पहिल्यांदाच इतक्या मोठ्या प्रमाणावर हे झालं. या सभेत हात वर करून सांगा : भोंग्याचा कोणता आवाज धोक्याचा आणि कोणता धोका टळल्याचा? वरखाली होणारा आवाज धोक्याचा. एकाच पट्टीत सलग वाजणारा, धोका टळल्याचा. सत्तरच्या पुढच्यांचे हात वर आले आहेत, बाकीच्यांचे नाहीत. शाळेत पाढ्यांच्या शेजारी हे शिकवायला पाच मिनिटं पुरतील.

माझी मागणी लहान आहे, आणि ती मी या व्यासपीठावरून ग्रामसभेकडे करतो. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं तुमच्याकडे पोलीस पाटील आहेत. गावात संशयास्पद काही घडलं तर ते ठाण्याला कळवणं हे त्यांचं कामच आहे. माहिती खालून वर जायची वाट कायद्यात आहे. वरून खाली यायची वाट आपण मागून घ्यायची. पुढच्या वेळी ‘हाय अलर्ट’ जाहीर झाला की ठाण्यानं पोलीस पाटलांच्या हाती एक पानी सूचना द्यावी, मराठीत : हा इशारा आपल्या तालुक्याला लागू आहे की नाही, असेल तर एसटी स्टँड, आठवडी बाजार, शाळा, मंदिर, मशीद इथल्या माणसांनी काय जास्त करायचं, कोणत्या नंबरवर सांगायचं, आणि कोणत्या तारखेपर्यंत. तारीख उलटली की ते पान फलकावरून काढायचं. वाढवायचा असेल तर नवं पान, नव्या सहीनं. ठाण्याला एवढं करायला जास्तीचे शिपाई लागत नाहीत. काय लिहायचं याचा विचार मात्र करावा लागेल, आणि लिहिता येत नसेल तर तो इशारा गावापर्यंत पाठवायचा कशाला, हेही ठरवावं लागेल.

पोलीस पाटील पहिल्या रांगेतच बसले आहेत. मला विचारायचे प्रश्न आधी त्यांना विचारा. त्यांनी ठाण्यातून आणलेलं शेवटचं पत्र कोणत्या तारखेचं होतं आणि त्यात काय होतं, तिथूनच सुरुवात करू.